केस, हाड, माती: स्थिर कार्बन समस्थानिकांच्या अभ्यासाची पहिली पावलं

केसाच्या एका सेंटिमीटरमध्ये साधारण महिनाभराच्या आहाराची नोंद असते, प्रौढाच्या मांडीच्या हाडात दहा-वीस वर्षांची किंवा त्याहून जास्त, आणि दाताच्या इनॅमलमध्ये फक्त बालपणाची. तिन्हींचं मोजमाप एकाच प्रकारच्या यंत्रावर होतं आणि उत्तर एकाच एककात येतं. त्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याचा मोह होतो. नवख्या अभ्यासकाची पहिली गफलत बहुधा इथेच होते: प्रश्न बरोबर असतो, पण तो चुकीच्या ऊतीला विचारलेला असतो. म्हणून हा लेख यंत्रापेक्षा यंत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त भर देतो.

आकडा कशाचा असतो

निसर्गातला सुमारे ९८.९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि सुमारे १.१ टक्के कार्बन-१३. ही कार्बनची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू. दोन्ही स्थिर आहेत, म्हणजे काळानुसार त्यांचा क्षय होत नाही. पदार्थागणिक त्यांचं गुणोत्तर किंचित बदलतं. हा बदल इतका लहान असतो की तो टक्क्यांत न लिहिता एका मानकाशी तुलना करून दर हजारी (‰) लिहितात. नमुन्याचं गुणोत्तर भागिले मानकाचं गुणोत्तर, त्यातून १ वजा, आणि गुणिले १०००. याला डेल्टा-१३-कार्बन म्हणतात. पुढे आपण नुसतं डेल्टा मूल्य म्हणू.

मानकाचं नाव व्हीपीडीबी (व्हिएन्ना पीडी बेलेम्नाइट). मूळ मानक दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी नावाच्या शिलासमूहात सापडलेल्या बेलेम्नाइट जीवाश्माचं होतं. ते कधीच संपलं. आता ही मोजपट्टी इतर संदर्भ पदार्थांच्या आधारे टिकवली जाते. या मानकातलं कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं गुणोत्तर साधारण ०.०११८ नाही, तर ०.०१११८ धरतात, वर्कशीटमध्ये हा आकडा टाकताना एक अंक सहज गळतो. या हिशेबाने १‰ म्हणजे गुणोत्तरात ०.००००११ इतकाच फरक. नमुन्यावर बोटाचं तेल लागलं तर निकाल का बिघडतो, हे यावरून लक्षात येईल.

हे फरक मुळात पैदा होतात ते प्रकाशसंश्लेषणात. भात, गहू, बार्ली, कडधान्यं, बहुतेक भाज्या, फळं आणि जवळजवळ सगळी झाडं सी-३ मार्गाने कार्बन बांधतात. त्यांचं रुबिस्को हे विकर कार्बन-१३ ला बरंच मागे ठेवतं, त्यामुळे त्यांचं डेल्टा मूल्य सरासरी −२७‰ च्या आसपास असतं. मका, ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा या सी-४ वनस्पती. त्यांच्यात पहिला कार्बन दुसरंच विकर पकडतं, म्हणून त्यांचं मूल्य −१२ ते −१३‰ च्या आसपास राहतं. या दोन गटांच्या मूल्यांची व्याप्ती एकमेकांत मिसळत नाही, आणि संपूर्ण पद्धत याच अंतरावर उभी आहे. कोरफड, अननस, निवडुंग यांचा तिसरा, कॅम मार्ग. त्यांची मूल्यं परिस्थितीप्रमाणे दोन्हींच्या मध्ये कुठेही पडतात.

आधी काळ ठरवा, मग ऊती

प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा आणि त्यात काळाचा शब्द आहे का ते पाहा. ‘या माणसाचा आहार काय होता?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘मृत्यूपूर्वीच्या वर्षभरात आहार बदलला का?’ हा प्रश्न केसाचा आहे. ‘बालपण आणि प्रौढपण वेगळ्या प्रदेशांत गेलं का?’ यासाठी दात आणि हाड दोन्ही लागतात.

श्वासातला कार्बन डायऑक्साइड काही तासांपूर्वीचं अन्न दाखवतो. रक्तद्रवातली प्रथिनं काही दिवस ते आठवडे मागे जातात; तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्या काही महिन्यांची सरासरी देतात. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतो, हाताचं नख सुमारे ३ मिमी. नखाचं टोक कापलं तर ते आजचं नसतं. ते मुळाशी तयार होऊन टोकापर्यंत पोचायला चार ते सहा महिने लागलेले असतात. हाडाची सतत पुनर्घडण होत असते, बरगडीत लवकर, मांडीच्या हाडाच्या घट्ट भागात सावकाश. दाताचं डेंटिन (इनॅमलखालचा मुख्य भाग) आणि इनॅमल एकदा तयार झालं की फारसं बदलत नाही. डेंटिनचे थरावर थर कापून मोजले तर बालपणाचा जवळजवळ वर्षावार क्रम मिळतो.

दुसरी गोष्ट, ऊतीचं मूल्य आहाराच्या मूल्याइतकं नसतं. हाडातलं मुख्य प्रथिन, कोलॅजन, आहारापेक्षा सुमारे ५‰ वर असतं. हाडाचा किंवा इनॅमलचा खनिज भाग, म्हणजे अ‍ॅपेटाइट, त्याहून बराच वर. मोठ्या शाकाहारी प्राण्यांत हे अंतर १४‰ पर्यंत जातं, माणसासाठी साधारण १२‰ धरतात. एकाच व्यक्तीत केसाचं केराटिन हे प्रथिन कोलॅजनपेक्षा सुमारे १.४‰ खाली असतं. मेद प्रथिनांपेक्षा कित्येक ‰ खाली असतो, म्हणूनच जवळजवळ प्रत्येक कृतीत मेद काढायची पायरी येते.

जिवंत माणसांचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधी हवी. डब्यावर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. पुरातन अवशेषांसाठी संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेची परवानगी लागते, आणि कापण्यापूर्वी मोजमापं, सर्व बाजूंची छायाचित्रं आणि रोगखुणांची नोंद पूर्ण झालेली असावी. कापलेलं हाड परत जोडता येत नाही.

केस

डोक्याच्या मागच्या बाजूचे, कवटीच्या उंचवट्यालगतचे केस घ्या. तिथे वाढीचा वेग त्यातल्या त्यात एकसारखा असतो. २० ते ३० केसांची बट दोऱ्याने बांधा आणि त्वचेला अगदी लगटून कापा. मुळाकडची बाजू कोणती, हे त्याच क्षणी खूण करून ठेवा. पाकिटात गेल्यावर ते ओळखता येत नाही, आणि उलट्या क्रमाने मोजलेला केस पूर्णपणे खोटी कथा सांगतो. बट अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये सरळ गुंडाळून कागदी पाकिटात ठेवा. चिकटपट्टी लावू नका. तिच्या डिंकातही कार्बन असतो.

वीस-तीस केस का? मध्यम जाडीच्या एका केसाचा १ सेंमी तुकडा साधारण ०.०५ मिग्रॅ भरतो. एका मोजणीला ०.५ मिग्रॅ लागतं, म्हणजे किमान दहा केस. तीस असतील तर दुबार मोजणी होते आणि धुताना काही हरवले तरी चालतं.

धुण्यासाठी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१ प्रमाणात घ्या. फ्यूम हूडखाली, काचेच्या कुपीत, १५ ते ३० मिनिटं भिजवून द्रावण ओता आणि पुन्हा एकदा करा. नंतर विआयनीकृत पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन वाळवा. प्लॅस्टिकच्या कुप्या इथे चालत नाहीत: क्लोरोफॉर्म त्यांतली रसायनं ओढून घेतो आणि ती केसावर वाळतात. मुळाकडून सुरुवात करून १ सेंमीचे तुकडे कापा.

केसाच्या कालक्रमावर दोन मर्यादा आहेत. त्वचेच्या आतला काही मिलिमीटर भाग कापताना मागे राहतो, त्यामुळे शेवटचे काही दिवस मिळत नाहीत. आणि कोणत्याही वेळी दहा-पंधरा टक्के केस वाढ थांबवून विश्रांतीत असतात. त्यांचा मुळाकडचा भाग महिन्यांनी जुना असतो. बटीतले सगळे केस एकत्र मोजले की आहारातला अचानक बदल उताराएवढा पसरट दिसतो. तो बदल खरोखर सावकाश झाला असं मानू नका.

हाडातलं कोलॅजन

मूळ कल्पना १९७१ साली लाँजिन यांनी मांडलेल्या पद्धतीची आहे: आम्लाने खनिज विरघळवायचं, उरलेलं कोलॅजन गरम किंचित आम्लधर्मी पाण्यात जिलेटिन करून विरघळवायचं आणि गाळायचं. आज प्रयोगशाळांत तिच्या अनेक आवृत्त्या चालतात. खालची आवृत्ती नवख्यांना झेपते.

घट्ट हाडाचा ३०० ते ५०० मिग्रॅचा तुकडा निवडा. पृष्ठभाग ड्रिलच्या घासणीने खरवडून टाका, वेग कमी ठेवा. हाडाला जळका वास आला तर थांबा, कोलॅजन तापतंय. काही संग्रहांत हाडं घट्ट राहावीत म्हणून गोंद किंवा पॅरालॉइडसारखे लेप दिलेले असतात. तशी नोंद असेल, किंवा हाड अनपेक्षितपणे चकाकत असेल, तर आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुवा. ताज्या किंवा अलीकडच्या हाडातला मेद केसासारखाच क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढा.

०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करा: ३७ टक्क्यांच्या तीव्र आम्लाचे ४१.५ मिली पाण्यात सावकाश मिसळून एकूण आकारमान १ लिटर करा. पाण्यात आम्ल, कधीही उलट नाही. तुकडा १० मिली आम्लात टाकून नळी ४ अंश सेल्सिअसला ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. आम्ल दर एक-दोन दिवसांनी बदला. बुडबुडे थांबले आणि तुकडा लवचीक, अर्धपारदर्शक झाला की काम झालं. साधारण तीन ते दहा दिवस लागतात. घाईने भुकटी करून तीव्र आम्ल वापरलं तर एका दिवसात होतं, पण जीर्ण हाडातलं उरलंसुरलं कोलॅजनही त्याबरोबर निघून जातं. सबंध तुकड्याने काम करण्याचा हाच फायदा: किती टिकलंय ते डोळ्यांना दिसतं.

पाण्याने उदासीन होईपर्यंत धुवा. तुकडा तपकिरी दिसत असेल तर मातीतली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून बनणारी) आत शिरली आहेत. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (लिटरला ४ ग्रॅम) घालून अर्धा तास ठेवा, रंग उतरेपर्यंत पुन्हा करा, मग परत धुऊन एकदा आम्लात बुचकळा. रंग नसेल तर ही पायरी गाळा, कारण तीही थोडं कोलॅजन खाते.

आता पीएच ३ चं पाणी (०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल) ५ मिली घालून, झाकण घट्ट लावून, ७० ते ७५ अंशांवर ४८ तास ठेवा. तापमान ९० पर्यंत गेलं तर साखळ्या तुटून तुकडे लहान होतात आणि पुढच्या गाळणीतून निसटतात. द्रावण गरम असतानाच गाळा. नंतर ३० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून (मोठे रेणू अडवून लहान जाऊ देणारी गाळणी) काढायचं असेल तर फिल्टर आधी नीट धुवा. त्याच्या पडद्यावर ओलावा टिकवण्यासाठी ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन म्हणजे निव्वळ परका कार्बन. पाणी फिरवून सेंट्रिफ्यूज करणं तीन-चार वेळा तरी करा.

द्रावण गोठवा आणि ४८ तास फ्रीझ-ड्राय करा. हलकं, पांढरं, कापसासारखं कोलॅजन निघालं तर शुभलक्षण. पिवळट, कडक, काचेसारखा पापुद्रा निघाला तर ह्युमिक द्रव्य किंवा तुटलेली प्रथिनं असण्याची शक्यता मोठी. वजन करा आणि सुरुवातीच्या हाडाच्या वजनाशी टक्केवारी काढा. ताज्या हाडात ती २० च्या आसपास असते. पुरातन हाडात १ टक्क्याखाली गेली की पुढच्या आकड्यांकडे संशयानेच पाहावं.

इनॅमल

कोलॅजन शिल्लकच नसेल, किंवा बालपणाचा आणि संपूर्ण आहाराचा प्रश्न असेल, तर इनॅमल. त्याचे स्फटिक मोठे आणि घट्ट असल्याने जमिनीतल्या कार्बोनेटची घुसखोरी हाडाच्या खनिजापेक्षा खूप कमी होते. बाहेरचा थर खरवडून ५ ते १० मिग्रॅ भुकटी काढा, डेंटिन येऊ देऊ नका. २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने सेंद्रिय भाग काढा, धुवा, मग ०.१ मोलर अ‍ॅसिटिक आम्लात चार तास ठेवा आणि पुन्हा धुवा. वेळ घड्याळ लावून पाळा. आम्लात जास्त राहिलं तर खनिजाचं पुनर्स्फटिकीकरण होतं आणि मूल्य सरकतं. मोजणी फॉस्फोरिक आम्लातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर होते.

माती, पानं, पाणी, हवा

पानं उन्हातली, शक्यतो एकाच उंचीवरची घ्या, आणि एका जातीच्या निदान पाच झाडांची. दाट जंगलाच्या तळाशी मातीतून उठणारा, कार्बन-१३ कमी असलेला कार्बन डायऑक्साइड आणि अंधार यांमुळे मूल्यं −३३ ते −३५‰ पर्यंत खाली जातात. तिथली दोन पानं उचलून संपूर्ण प्रदेशाचं ‘वनस्पतींचं मूल्य’ ठरवता येत नाही. ६० अंशांवर ४८ तास वाळवून पीठ होईपर्यंत दळा.

मातीचं दुखणं म्हणजे कार्बोनेट. समजा मातीत १ टक्का सेंद्रिय कार्बन आहे, −२५‰ चा, आणि फक्त ०.१ टक्का कार्बोनेटमधला कार्बन, ०‰ चा. कार्बोनेट न काढता मोजलं तर उत्तर −२२.७‰ येतं, म्हणजे २.३‰ ची चूक, आणि ती सी-४ गवताचा शिरकाव म्हणून सहज खपून जाते. यावर उपाय धुरीचा. मुळं वेचून, २ मिमी चाळणीतून काढून, बारीक दळलेली माती चांदीच्या कॅप्सूलमध्ये (नमुना यंत्रात टाकण्यासाठीची इवली धातूची डबी) वजन करा, एक-दोन थेंब पाण्याने भिजवा, आणि डेसिकेटरमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या उघड्या बीकरसोबत सहा ते आठ तास ठेवा. मग ६० अंशांवर पूर्ण वाळवा. टिनची कॅप्सूल इथे चालत नाही, आम्ल तिला खातं. चांदीचीही ठिसूळ होते, म्हणून शेवटी ती टिनच्या मोठ्या कॅप्सूलमध्ये गुंडाळा. नायट्रोजन मोजायचा असेल तर आम्ल न लावलेला वेगळा भाग ठेवा.

पाण्यातला विरघळलेला अकार्बनी कार्बन पाहायचा तर ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, एकही बुडबुडा न ठेवता काचेच्या कुपीत भरा आणि थंड ठेवा. बुडबुडा राहिला तर हवेशी देवाणघेवाण सुरू होते, सूक्ष्मजीव राहिले तर ते श्वसनाने मूल्य खाली ओढतात.

हवेसाठी कीलिंग यांनी १९५८ मध्ये वापरलेला आलेख आजही पहिलं हत्यार आहे. कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा व्यस्त आडव्या अक्षावर, डेल्टा मूल्य उभ्या अक्षावर. सरळ रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते मिसळणाऱ्या स्रोताचं मूल्य. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत नमुने घ्या. प्रमाणात पुरेसा फरक नसेल तर छेद खूप डळमळतो, कारण आपण मोजलेल्या बिंदूंपासून दूरवर रेषा ताणत असतो.

वजन आणि कॅप्सूल

०.००१ मिग्रॅ वाचणारा मायक्रोबॅलन्स लागतो. कोलॅजन किंवा केस ०.५ मिग्रॅ, तेही ±०.०५ च्या आत. त्यात साधारण ०.२ मिग्रॅ कार्बन असतो. बाकी पदार्थांचं वजन याच हिशेबाने काढा. १ टक्का कार्बनची माती असेल तर २० मिग्रॅ. पानांत कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी, त्यामुळे दोन्ही एका मोजणीत हवे असतील तर २ ते ३ मिग्रॅ लागतात आणि कार्बनचा सिग्नल यंत्रावर पातळ करावा लागतो.

कॅप्सूल फक्त चिमट्याने धरा. तोंड मिटून गोळी घट्ट दाबा, आत हवा राहिली तर तिचा नायट्रोजन मोजला जातो. गोळी स्वच्छ काचेवर टाकून पाहा: भुकटी सांडली तर कॅप्सूल फाटली आहे, वजन फुकट. ९६ खणांच्या ट्रेचा नकाशा लिहीत जा, आठवणीवर सोडू नका.

यंत्रात काय घडतं आणि काय बिघडतं

एलिमेंटल अ‍ॅनालायझरच्या सुमारे १००० अंशांच्या भट्टीत गोळी पडते, त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत येतो, टिन पेट घेतं आणि तापमान क्षणभर १७०० च्या वर जातं. वायू सुमारे ६५० अंशांच्या तांब्यावरून जातात, पाणी शोषलं जातं, स्तंभातून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात आणि हेलियमबरोबर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात. तिथे ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानांचे प्रवाह एकाच वेळी मोजले जातात. ४५ मध्ये ऑक्सिजन-१७ चाही वाटा असतो. तो ४६ वरून सॉफ्टवेअर वजा करतं.

यंत्र दुसरं कोणी चालवत असलं तरी बिघाडाच्या खुणा ओळखता यायला हव्यात. पाणी शोषणारं रसायन संपलं की पाण्यामुळे कार्बन डायऑक्साइडला एक हायड्रोजन चिकटतो, वस्तुमान ४५ होतं आणि सगळी मूल्यं हळूहळू वर सरकू लागतात. तांबं संपलं की नायट्रोजनची ऑक्साइडं पुढे जातात, आणि नायट्रस ऑक्साइडचं वस्तुमानही ४४ आहे. भट्टीत राख साठली की ज्वलन अर्धवट होतं, शिखराला लांब शेपूट येते आणि पुढच्या नमुन्यात मागच्याची आठवण शिरते. याच कारणासाठी कार्बन-१३ ने मुद्दाम समृद्ध केलेले नमुने, उदाहरणार्थ हेलिकोबॅक्टर तपासणीच्या युरिया श्वासचाचणीसारख्या प्रयोगांतले, नैसर्गिक नमुन्यांच्या रांगेत कधीही लावू नयेत.

रांग अशी लावा: रिकाम्या टिन कॅप्सूल दोन-तीन, यंत्र रुळावर येण्यासाठी फेकून द्यायचे दोन नमुने, मग संदर्भ पदार्थ, त्यानंतर दर दहा-बारा नमुन्यांनी पुन्हा संदर्भ पदार्थ, आणि शेवटही त्यांनीच. निदान दर दहावा नमुना दुबार. शिवाय एक तपासणी पदार्थ असा ठेवा जो दुरुस्तीच्या गणितात वापरायचा नाही. तो फक्त साक्षीदार. नमुना केसाचा असेल तर साक्षीदारही केसच असावा.

मोजपट्टीवर आणणं

एका मानकाने नुसतं सरकवणं पुरेसं नाही, कारण यंत्र मोजपट्टी थोडी आक्रसते. नमुने ज्यांच्या दरम्यान पडतील असे दोन मानक हवेत. युएसजीएस-४० या ग्लुटामिक आम्लाचं मान्य मूल्य −२६.३९‰, युएसजीएस-४१ए चं +३६.५५‰. समजा यंत्राने −२६.१० आणि +३६.२१ दाखवलं. खरं अंतर ६२.९४, मोजलेलं ६२.३१, म्हणून उतार १.०१०. नमुना −१८.५० आला असेल तर तो खालच्या मानकापासून ७.६० वर आहे; उताराने गुणून ७.६८, −२६.३९ मध्ये मिळवून −१८.७१. नुसतं सरकवलं असतं तर −१८.७९ आलं असतं. मानकापासून जितकं दूर जाल तितकी ही तफावत वाढते. उत्तर एका दशांशापर्यंतच लिहा.

जुन्या लेखांत एलएसव्हीईसी हा लिथियम कार्बोनेट दुसरा टेकू म्हणून दिसेल. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बदलतो असं लक्षात आल्यावर कार्बनसाठी त्याचा वापर थांबवण्यात आला. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना कोणती मानकं वापरली होती ते पाहूनच करा.

आकडा ठेवायचा की टाकायचा

कोलॅजनसाठी कार्बन-नायट्रोजन अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये असावं, हा १९८५ साली डिनिरो यांनी दिलेला निकष अजून चालतो. यंत्र टक्केवारी वजनाने देतं. त्या भागाकाराला १.१६७ ने गुणल्यावर अणुगुणोत्तर मिळतं: ४२ टक्के कार्बन आणि १५.५ टक्के नायट्रोजन असेल तर २.७१, गुणल्यावर ३.१६. हे गुणणं विसरल्याने चांगले नमुने बाद झालेले आणि वाईट नमुने पास झालेले दिसतात. गुणोत्तर जास्त आलं तर मेद किंवा ह्युमिक द्रव्य. तेव्हा डेल्टा मूल्यही बहुधा खाली ओढलेलं असतं. गुणोत्तर ठीक पण कार्बन १५ टक्क्यांहून कमी असेल तर खनिज उरलंय, आम्लाची पायरी अर्धवट राहिली. निकष मोजणीपूर्वीच लिहून ठेवा, निकाल पाहून नव्हे.

अर्थ लावताना

सर्वांत सोपं गणित दोन टोकांचं. समजा औद्योगिक काळापूर्वीच्या एका व्यक्तीचं कोलॅजन −१४.०‰ आहे. ५ वजा करून आहार −१९.०. सी-३ टोक −२५.५ आणि सी-४ टोक −११.० धरलं तर सी-४ चा वाटा ६.५ भागिले १४.५, म्हणजे ४५ टक्के. आता आजच्या झाडांची मूल्यं, −२७.५ आणि −१२.५, तशीच वापरा: ८.५ भागिले १५, म्हणजे ५७ टक्के. हाड तेच, मोजणी तीच, आणि उत्तर बारा टक्क्यांनी वेगळं. कारण असं की कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मूल्य सुमारे −६.५ वरून −८.५‰ च्याही खाली गेलं आहे. याला स्यूस परिणाम म्हणतात, आणि पुरातन नमुन्यांची आजच्या वनस्पतींशी तुलना करताना ही दुरुस्ती टाळता येत नाही. आहार-कोलॅजन अंतर ५ ऐवजी ४ धरलं तरी ४५ चे ५२ टक्के होतात. म्हणून एकच टक्केवारी छापू नका, पट्टा द्या.

त्याहून खोल अडचण कोलॅजनमध्येच आहे. कोलॅजन हे प्रथिन. त्यातला कार्बन मुख्यतः आहारातल्या प्रथिनांतून येतो. भरपूर मका आणि थोडं सी-३ गवतावर वाढलेल्या जनावराचं मांस खाणाऱ्याच्या कोलॅजनमध्ये मका प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. खनिज भाग मात्र कर्बोदकं, मेद, प्रथिनं सगळ्यांची सरासरी दाखवतो. १९९३ च्या सुमारास नियंत्रित आहार देऊन केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी हे पक्कं केलं. शक्य असेल तिथे दोन्ही मोजा, त्यांच्यातलं अंतरच खूप काही सांगतं.

सागरी अन्न सी-४ सारखं दिसतं, कारण समुद्रातल्या बायकार्बोनेटचं मूल्य ०‰ च्या जवळ असतं. किनाऱ्यावरच्या हाडात −१३‰ आलं म्हणून मका म्हणू नका. नायट्रोजन समस्थानिक जोडीला घ्या: अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला त्यांचं डेल्टा मूल्य ३ ते ५‰ वाढतं आणि समुद्रातल्या साखळ्या लांब असतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं नायट्रोजन मूल्य आईपेक्षा २ ते ३‰ आणि कार्बन सुमारे १‰ वर असतं, म्हणून दोन-तीन वर्षांखालच्या मुलांची हाडं प्रौढांच्या सरासरीत मिसळू नयेत.

या सगळ्याला आधार स्थानिक पायाभूत मूल्यांचा. त्याच थरातली शाकाहारी प्राण्यांची हाडं, शक्य असतील तर जळालेले धान्याचे दाणे, मोजा. माणसांच्या वीस नमुन्यांना प्राण्यांचे दहा नमुने जोडणं हे माणसांचे तीस मोजण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. १९७८ मध्ये व्हान डर मर्वे आणि व्होगेल यांनी उत्तर अमेरिकेतल्या हाडांत मक्याचा प्रसार दाखवला. तिथे कोलॅजन सुमारे −२१ वरून −१२‰ च्या आसपास आलं होतं, आणि त्या प्रदेशातल्या रानटी वनस्पती जवळजवळ सगळ्या सी-३ असल्याने निष्कर्ष इतका स्वच्छ निघाला. जिथे सी-४ गवताळ प्रदेश आणि सी-४ धान्यं दोन्ही आहेत तिथे तोच −१२ चा आकडा धान्य खाणाऱ्याचा असू शकतो किंवा गवतावर चरलेल्या जनावराचं दूध-मांस घेणाऱ्याचाही.

नोंद आणि जपणूक

तक्त्यात प्रत्येक नमुन्यासाठी ऊती, हाडाचं नाव, वय-लिंग असेल तर ते, सुरुवातीचं वजन, कोलॅजनची टक्केवारी, कार्बन आणि नायट्रोजनची टक्केवारी, अणुगुणोत्तर आणि डेल्टा मूल्य द्या. बाद केलेले नमुनेही कारणासह द्या. मानकांची नावं आणि धरलेली मूल्यं लिहा, म्हणजे उद्या मान्य मूल्य बदललं तर कोणीही तुमचे आकडे नव्या मोजपट्टीवर नेऊ शकेल. साक्षीदार पदार्थाची सरासरी आणि विचलन लपवू नका.

उरलेलं कोलॅजन घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत, सिलिका जेलसोबत कोरड्या जागी ठेवा. ते ओलावा पटकन ओढतं आणि मग वजनं चुकतात. त्याच कोलॅजनवर पुढे कार्बन-१४ कालमापन किंवा गंधकाचे समस्थानिक करता येतात, आणि हाडाला पुन्हा करवत लावावी लागत नाही.